गोल्फ क्लब : एक मैदान, दोन नावे

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यालगत, ईदगाह मैदानाच्या शेजारी पसरलेल्या मैदानाला दोन नावे आहेत. अधिकृत नाव 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान'. पण नाशिककरांच्या बोलण्यात ते आजही 'गोल्फ क्लब'च आहे. गोल्फ येथून केव्हाच हद्दपार झाला आणि त्याची जागा क्रिकेटने घेतली. जुने नाव मात्र इंग्रजी अंमलाची खूण म्हणून टिकून राहिले.

नवे नाव त्याच अंमलाविरुद्धच्या लढ्याचे स्मरण देते. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाल्यानंतर नाशिकमधील क्रांतिकारकांत संतापाची लाट उसळली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह त्यांना फाशी देण्यात आली.

क्रिकेटच्या नकाशावर या मैदानाचे स्थान देशांतर्गत स्पर्धांपुरते आहे. महाराष्ट्राच्या संघाचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्टेडियम पुण्याजवळ गहुंजे येथे आहे. नाशिकच्या वाट्याला येतात ते रणजी करंडकाचे सामने. जानेवारी २०२५ मध्ये येथेच महाराष्ट्राने बडोद्याचा ४३९ धावांनी पराभव केला. डावखुरा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव याच्यासारखे खेळाडू नाशिकने महाराष्ट्राला दिले आहेत. अशा सामन्यांमुळे स्थानिक मुलांना नामवंत खेळाडूंचा खेळ जवळून पाहता येतो.

मात्र हे केवळ क्रिकेटचे मैदान नाही. येथील जॉगिंग ट्रॅकवर सकाळ-संध्याकाळ नागरिकांची वर्दळ असते, आणि निवडणुकांच्या काळात मोठ्या राजकीय सभांचा मंडपही येथेच उभा राहिला आहे. रणजी सामन्यासाठी खेळपट्टी आणि हिरवळीची महिनोन्‌महिने निगा राखावी लागते. सभेसाठी खोदलेले खड्डे आणि वाहनांची चाके ती मेहनत एका दिवसात वाया घालवू शकतात. दुसरीकडे, केवळ खेळासाठी कुंपण घातले, तर शहराच्या मध्यवर्ती भागातील मोकळी जागा सामान्यांना दुरावेल. वाढत्या नाशिकमध्ये एवढे मोठे मैदान पुन्हा निर्माण होणे अवघड आहे. त्यामुळे खेळाडूंची खेळपट्टी आणि नागरिकांची मोकळी जागा, या दोहोंची जपणूक हीच या मैदानाची खरी कसोटी ठरते.