पित्याने सोपवलेली मुलगी : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेचा एक शोध

पंडिता रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते दोन वेगळ्या कप्प्यांत राहिले आहे. एका कप्प्यात सुधारक रमाबाई असतात: ‘स्त्रीधर्मनीति’, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, शारदा सदन. या कप्प्यातले लेखक धर्मांतरापाशी आले की वाक्य आवरते घेतात. दुसऱ्या कप्प्यात ख्रिस्तभक्त रमाबाई असतात. तिथे चरित्राला खरी सुरुवात 29 सप्टेंबर 1883 रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झालेल्या बाप्तिस्म्याने होते आणि त्याआधीची पंचवीस वर्षे केवळ पूर्वपीठिका ठरतात. रमाबाईंनी स्वतः मात्र आपली गोष्ट अशी तोडून सांगितलेली नाही. 1907 साली, वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, त्यांनी एक छोटे इंग्रजी आत्मनिवेदन लिहिले. ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेल्या त्या साक्षीत देवाने आपल्याला धरून ठेवल्याची पहिली खूण म्हणून त्या दाखवतात ती एका सनातनी वैदिक ब्राह्मणाची, त्यांच्या वडिलांची, अखेरची मिठी.

अनंतशास्त्री डोंगरे हे विलक्षण गृहस्थ होते. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना विद्वानांचा रोष पत्करावा लागला. पुढे गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला आणि तिथेच 1858 साली रमाबाईंचा जन्म झाला. आतिथ्यात आणि दानधर्मात मालमत्ता संपली, आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराण सांगत दक्षिणेत फिरू लागले. 1874च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले तेव्हा जवळचे दागिने आणि भांडीकुंडी विकून झाली होती. मजुरी करणे कुलाला शोभणार नव्हते आणि भीक मागणेही जमणारे नव्हते. राहिला तो एकच मार्ग, अनुष्ठानांचा. उरलेसुरले पैसे दानात गेले. देवता प्रसन्न होईल, मोहरांचा हंडा सापडेल अशी वाट पाहणे चालू राहिले. शेवटी ही मंडळी मरण्यासाठीच रानात गेली. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाई सांगतात.

शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा निश्चय केला आणि सर्वांचा निरोप घेतला. रमाबाई सर्वांत धाकट्या, सोळा वर्षांच्या. त्यांची पाळी शेवटी आली. वडिलांची दृष्टी गेली होती, त्यांना मुलीचा चेहरा दिसत नव्हता. तिला घट्ट कवटाळून त्यांनी सांगितले, की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. (शब्द माझे, आशय रमाबाईंच्या आठवणीतला.) जलसमाधी टळली, ती थोरला भाऊ श्रीनिवास याने कुलाभिमान बाजूला ठेवून मिळेल ते काम करण्याचे ठरवले म्हणून. पण अशक्तपणाने खचलेले वडील थोड्याच दिवसांत गेले. मागोमाग आई लक्ष्मीबाई गेल्या. आईचे प्रेत उचलायला दोनच ब्राह्मण आले. श्रीनिवास आणि रमाबाईंनी खांदा दिला. रमाबाई ठेंगण्या, खांद्यावर तिरडी समतोल राहीना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. वर्षभरात बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून त्यांनी रात्र काढली. देवदेवतांवरचा त्यांचा विश्वास या वाटेवर गळून पडला, तो कोणा मिशनऱ्याच्या युक्तिवादाने नव्हे. ग्रंथात सांगितलेले सगळे त्यांनी केले होते आणि फळ मिळाले नव्हते. 1878मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा तिच्या मनात श्रद्धेची जागा जवळपास रिकामी होती.

मग 1880मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह झाला, 1881मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी 1882मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. सिलचरच्या त्यांच्या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती, पण पत्नीने ख्रिस्ती होणे पतीला मानवणारे नव्हते.

धर्मांतर दुःखामुळे झाले, एकाकी विधवेला आधार हवा होता, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. आधारच हवा असता तर 1882 सालचे पुणे होते, रानडे-भांडारकरांसारखी माणसे होती. आणि वाँटेजला जे घडले त्यात दिलासा थोडाच होता. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे विष घेऊन जीव दिला. डॉक्टर होण्याचा रमाबाईंचा बेत वाढत्या बहिरेपणाने मोडला. त्यांना हलवले ते दुसऱ्याच गोष्टीने. वाँटेजच्या भगिनींनी लंडनमधल्या फुलहॅम येथील आपले सेवागृह त्यांना दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे त्या जवळ करत होत्या. अशा बाईला शास्त्रांनी दिलेल्या शिक्षा रमाबाईंना पाठ होत्या. तिच्यासाठी दया त्यांनी प्रथमच पाहिली. कारण विचारले तेव्हा त्यांना विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची गोष्ट सांगण्यात आली. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे.

चर्चचा जाच त्यांनी तरीही मुकाट्याने सोसला नाही. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा त्रैक्याविषयी, येशूच्या देवत्वाविषयी पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच मान सोडवली आहे, ती दुसऱ्या जोखडात देणार नाही, हे त्यांनी बजावले. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, हाही त्यांचा प्रश्न. शरणागतीच्या भाषेत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे विसंगत वाटेल. पण ज्या मुलीने एकदा ग्रंथाच्या भरवशावर अकरा दिवस उपाशी काढले, तिने दुसरा ग्रंथ न तपासता कसा घ्यावा?

म्हणूनच त्यांच्या आत्मनिवेदनातली 1891ची नोंद महत्त्वाची. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त नव्हे. मत पटणे आणि कोणी सोबत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना उमगले.

या सोबतीची किंमत लगेच मोजावी लागली. मुंबईत 11 मार्च 1889 रोजी सुरू झालेले शारदा सदन 1890मध्ये पुण्यात आले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. 1893मध्ये यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर बहुधा एवढे झाले नसते. मुलींना पढवणार नाही हा संस्थेचा शब्द होता आणि टीकाकारांचा मुद्दा अगदी पोकळ नव्हता, हे मान्य करायला हवे. पण आपली प्रार्थना लपवायची नाही, एवढे त्यांचे ठरले होते.

1896च्या दुष्काळाची बातमी मध्य प्रांतातून आली तेव्हा संस्थेची आर्थिक स्थिती भक्कम नव्हती. अमेरिकेतल्या मंडळाने दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीचा शब्द संपत आला होता. आपल्याकडे पैसे नाहीत, आपण काय करणार, असे मनात आल्याचे त्या लिहितात. त्यांना हलू दिले नाही ते वीस वर्षांपूर्वीच्या रानाने. उपाशी मुलीला कोण कोण फसवून नेते, लाजेने तोंड न उघडणारी बाई कशी मरते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे 300 मुली आणि स्त्रिया आणण्याचा संकल्प त्यांनी केला. पुण्यात प्लेग होता, सदनात नव्याने माणसे घ्यायला मनाई झाली. मग या मुली दौंडच्या वाटेवर केडगाव येथे, संस्थेने फळबागेसाठी घेतलेल्या माळावर नेल्या. मुक्ती मिशनचा जन्म असा अडचणीतून झाला.

देवावर भार टाकणे म्हणजे सरकारपुढे गप्प बसणे, असेही त्यांनी मानले नाही. 1897मध्ये, पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आपल्या एका मुलीच्या झालेल्या हालांवरून त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारची नाराजी ओढवून घेतली.

1900च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले. आंधळ्यांसाठीही वेगळे सदन होते. मनोरमा ब्रेल शिकून आली होती. त्यामागे गंगामूळच्या आंधळ्या पित्याची आठवण होती असे रमाबाईंनी कुठे म्हटलेले नाही आणि मीही म्हणणार नाही.

अखेरची अनेक वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. आधीची मराठी भाषांतरे त्यांना संस्कृतप्रचुर वाटत. ज्या भाषेत त्या स्वतः अस्खलित प्रवचन करत, तीच त्यांनी निश्चयाने वगळली, कारण हे पुस्तक केडगावच्या माळावर अक्षर ओळखायला शिकलेल्या बाईने वाचायचे होते. टाइप जुळवणाऱ्या बायकाही याच मुलींतल्या.

काम चालू असताना, जुलै 1921मध्ये, मनोरमा गेली. तिच्याच हाती संस्था सोपवायची होती. रमाबाई आता जवळपास पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या, प्रकृती ढासळली होती. भाषांतर मात्र थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.