जिलेटिनचे वनस्पतिजन्य पर्याय

जनावरांची कातडी आणि हाडे यांतील कोलॅजेन या प्रथिनापासून जिलेटिन काढतात. त्यामुळे शाकाहारी व व्हीगन आहारात ते वर्ज्य ठरते. भारतात खाद्यपदार्थात ते घातले असल्यास त्याचा प्राणिजन्य उगम वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. त्याऐवजी वापरले जाणारे बहुतेक पदार्थ प्रथिने नसून लांब साखळ्यांची कर्बोदके असतात, आणि प्रत्येकाची गोठण्याची रीत वेगळी असते. म्हणून जिलेटिनच्या एका चमच्याला पर्यायाचे अमुक चमचे, असे सरसकट कोष्टक उपयोगी पडत नाही. या पर्यायांचे दोन मुख्य उगम, समुद्रशेवाळ आणि फळे, रत्नागिरी जिल्ह्यात शेजारीशेजारी आढळतात.

अगर, म्हणजेच किराणा दुकानातील चायना ग्रास, ग्रॅसिलारिया व जेलिडियम या तांबड्या शेवाळांपासून मिळते. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ग्रॅसिलारिया दिसते. मात्र बाजारातील चायना ग्रास कारखान्यात शुद्ध केलेले असते. शेवाळ काटेकोर अर्थाने वनस्पती नव्हे, पण आहाराच्या दृष्टीने अगर निःसंशय शाकाहारी आहे. ते पाण्यात उकळूनच पूर्ण विरघळते, सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसला गोठते आणि पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश लागतात. कोकणातल्या उकाड्यात फ्रिजबाहेरही त्याची वडी टिकते ती यामुळेच. जिलेटिन तोंडात विरघळते, तर अगर दाताखाली तुटते. हा फरक मान्य करूनच पदार्थ योजावा. अर्धा लिटर द्रवाला साधारण ५ ग्रॅम अगर पुरते. चीक न मिळाल्यास दुधात चायना ग्रास घालून खरवसासारखी वडी करण्याची रीत मराठी घरांत रुळली आहे. दुधाऐवजी नारळाचा रस घेतल्यास तीच वडी व्हीगन होते. अमृतकोकमाची जेली करताना मात्र अगर आधी साध्या पाण्यात उकळून घ्यावे आणि कोकम नंतर मिसळावे. आंबट द्रवात उकळल्यास अगरच्या साखळ्या तुटतात व जेली सैल राहते. कच्चा अननस घातल्यावर त्यातील विकर जिलेटिनची घडण मोडते. अगरवर त्याचा परिणाम होत नाही.

फळांतील पेक्टिन १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वेगळे करून त्याला नाव दिले. नेहमीचे पेक्टिन गोठायला भरपूर साखर (सुमारे ६० टक्के किंवा अधिक) आणि पुरेसा आंबटपणा, दोन्ही लागतात. कच्ची करवंदे व पेरू यांत ते विपुल असल्याने त्यांची जेली बाहेरून काही न घालता होते. करवंदाची ‘कोकण बोल्ड’ ही जात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केली आहे. फळे पिकू लागली की पेक्टिन घटते, म्हणून जेलीसाठी थोडी कच्ची फळे मिसळतात. हापूसचा रस काढल्यावर उरणाऱ्या सालींतही पेक्टिन असते. प्रक्रिया कारखान्यांतून हंगामात निघणाऱ्या सालींचे ढीग पाहता त्याचा उपयोग व्हायलाच हवा. आंबापोळी व फणसपोळी यांना जिलेटिनची कधी गरज पडली नाही. उन्हात आटलेला गर आणि त्यातील तंतू, साखर व पेक्टिन एवढ्यावर त्या बांधल्या जातात.

कॅराजीनन हेही तांबड्या शेवाळांपासून मिळते आणि दुधातील प्रथिनांशी चांगले जुळत असल्याने पुडिंग व आइस्क्रीममध्ये वापरतात. सार्गॅसम या तपकिरी शेवाळातील अल्जिनेट कॅल्शियमच्या सान्निध्यात थंड असतानाच गोठते. तवकीर, मक्याचे पीठ आणि साबुदाणा यांतील पिष्टाने पदार्थ दाट होतो, पण जेलीसारखी पारदर्शक लवचिकता येत नाही. सब्जा आणि अळीव भिजल्यावर बुळबुळीत होतात, इतकेच. औषधांच्या कॅप्सूलसाठी यांपैकी बहुतेक पदार्थ एकट्याने पुरत नाहीत. तिथे लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून तयार केलेले हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिलसेल्युलोज वापरतात. अशा कॅप्सूलच्या वेष्टनावर अनेकदा ‘एचपीएमसी’ असे छापलेले असते.