लिंबाचा केक आणि जळालेली पुस्तकं

रविवारी दुपारी वाचायला बसायचं असलं की आमच्या घरी लिंबाचा केक होतो. लोणी आणि साखर फेसायची, त्यात तीन अंडी, मैदा, बेकिंग पावडर, लिंबाचा रस आणि किसलेली साल घालायची. सालीचा फक्त वरचा पिवळा भाग घ्यायचा, खालचा पांढरा गर आला की केक कडू होतो. १८० अंशांवर साधारण ४० मिनिटं. तेवढ्यात पुस्तकाचं एक प्रकरण वाचून होतं.

परवा एका मित्रानं केक खाता खाता विचारलं, "हे इंग्रजी खाणं तुमच्याकडे कधीपासून?" प्रश्न गमतीत होता, पण उत्तर जरा लांबचं आहे.

भाजण्याची ही रीत युरोपातली, हे खरंच. पण बशीत आणखी काय आहे ते पाहा. लिंबूवर्गातल्या फळांचं मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडचं. दहाव्या शतकातला इतिहासकार अल-मसूदी लिहितो की, नारिंग आणि गोल महाळुंग हिंदुस्थानातून आधी ओमानात लावले गेले, तिथून बसरा, इराक आणि शामपर्यंत पोहोचले. मात्र हिंदुस्थानातला तो सुगंध आणि रंग तिकडे राहिला नाही, अशी खंतही तो नोंदवतो. लिंबूही असंच पश्चिमेकडे सरकत गेलं. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामनं आपल्या शेतीवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. फारसी 'लीमू', अरबी 'लैमून', स्पॅनिश 'लिमोन', इंग्रजी 'लेमन' अशी या शब्दाची वाट आहे.

साखरेचंही तेच. संस्कृत 'शर्करा', फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर', स्पॅनिश 'असूकार'. दहाव्या शतकात अंदलूसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, ऊस पिकत होता.

आणि केकशेजारचं पुस्तक? कागद मूळचा चीनचा. आठव्या शतकाच्या अखेरीस तो बगदादमध्ये तयार होऊ लागला. बाराव्या शतकात भूगोलकार अल-इद्रीसीनं अंदलूसमधल्या शातिबा गावच्या कागदाची तोंड भरून स्तुती केली आहे. छापखान्यात आपण कागदाची 'रीम' म्हणतो, तो शब्दही अरबी 'रिज्मा', म्हणजे गठ्ठा, यावरून आलेला. लिंबू, साखर आणि कागद, तिन्ही एकाच वाटेनं युरोपात शिरले.

पुढचा भाग सांगताना मात्र घास अडखळतो. १४९२ मध्ये ग्रॅनडा पडलं. १४९९ च्या सुमारास कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमानं तिथल्या चौकात अरबी पुस्तकांची होळी झाली. वैद्यकाची काही पुस्तकं तेवढी उपयोगाची म्हणून वाचली. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा घ्यायला लावलेल्या मुसलमानांचे वंशज, देशाबाहेर काढले गेले. त्यांच्या पूर्वजांनी तिथं शेकडो वर्षं शेती केली होती, पाट खोदले होते. तरी ते परके ठरले.

लिंबाची झाडं मात्र कुणी उपटली नाहीत. साखरेचा शब्द कुणी बदलला नाही. ज्या कागदावर हद्दपारीचा हुकूम लिहिला गेला, तो बनवण्याची कलाही स्पेननं हद्दपार ठरवलेल्यांच्या पूर्वजांकडूनच घेतली होती. माणसं नकोशी झाली, त्यांनी दिलेलं सगळं हवंसं राहिलं.

मित्राला एवढंच म्हणालो, "यातलं लिंबू तुझ्या-माझ्या मुलखातून गेलं, अरबांच्या हातून स्पेनला पोहोचलं आणि केकमधून परत आलं. आता इंग्रजी म्हण, नाहीतर आपलं म्हण."

तो हसला आणि त्यानं दुसरा तुकडा घेतला. आपल्याकडच्या पातळ सालीच्या लिंबाला आपण 'कागदी लिंबू' म्हणतो, हे त्यालाच आधी आठवलं. केक आणि पुस्तक, दोघांची गाठ त्या एका नावात आहे.