टोचण्याआधीचा गोड थेंब

नवजात बाळाची टाच टोचून रक्त घ्यायचं असेल तर आधी त्याच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब सोडतात. युक्ती जुनीच. ज्यू घरांत आठव्या दिवशी सुंता करताना बाळाला गोड वाइनचा बोळा चोखायला देण्याची रीत आहे. वैद्यकाला मात्र तिची गरजच वाटत नव्हती, कारण इवल्या बाळाला दुखतं यावर अनेक डॉक्टरांचा विश्वासच नव्हता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे स्नायू औषधाने लुळे करून, नाममात्र भूल देऊन छाती उघडली जाई. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

इंदूरला वैद्यक शिकलेल्या कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये या समजाला हादरा दिला. वेदनाशामक मिळालेली बाळं शस्त्रक्रियेचा ताण कितीतरी कमी सोसतात, हे त्यांनी १९८७ साली दाखवलं.

त्याच वर्षी अमेरिकेत इलियट ब्लास यांना दिसलं की तोंडात साखर असलेली उंदराची पिल्लं पंजाला लागणारी उष्णता जास्त वेळ सहन करतात. अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारं द्रव्य टोचलं की हा गुण नाहीसा होई. म्हणजे गोडीमुळे शरीर स्वतःचंच वेदनाशामक सोडत असावं. १९९१ साली ब्लास यांनी माणसाच्या बाळांवरही हा परिणाम दाखवला. पुढे १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला ६० बाळांना दोन-दोन मिलिलिटर पाणी पाजून पाहिलं, काहींना साधं, काहींना साखरेचं. पाणी जितकं गोड, तितकं रडणं कमी. नळीने थेट पोटात सोडलेली साखर मात्र निरुपयोगी ठरली. काम जिभेवरच होतं.

तरी रडणं थांबलं म्हणजे दुखणं थांबलं का? २०१० साली लंडनमध्ये टाच टोचताना बाळांच्या मेंदूतले विद्युतसंकेत मोजले, तेव्हा साखरेने त्यांत फरक पडलेला दिसला नाही. म्हणून सुईच्या टोचणीपुरती साखर ठीक. शस्त्रक्रियेत ती भुलीची जागा घेऊ शकत नाही, हे ठामपणे सांगायला हवं. आणि घरी मधाचं बोट तर नकोच. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

माझा कौल अंगावरच्या दुधाला. गोडवा, चोखणं आणि आईची ऊब, तिन्ही त्यात एकत्र येतात. फ्रान्समध्ये १८० बाळांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिरेतून रक्त घेताना स्तनपान हे ग्लुकोज आणि चोखणीच्या जोडीइतकंच गुणकारी ठरलं. लस टोचताना किंवा त्याच्या जरा आधी बाळाला अंगावर घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे.