किर्लोस्करवाडी
सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील औद्योगिक वसाहत. संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६). बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर त्यांनी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडून कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन व दहा हजार रुपये कर्ज मिळवले आणि १९१० मध्ये निवडुंग व सापांनी भरलेल्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभारला.

वाडीचे खरे मोल मात्र नांगरापेक्षा तिथल्या माणसांत आहे. मालक आणि कामगार एकाच माळावर राहिले. निवडुंग तोडतानाही लक्ष्मणराव सोबत होते. वसाहतीत अस्पृश्यता पाळू द्यायची नाही, हा त्यांचा कटाक्ष त्या काळात धाडसाचाच होता. शिक्षा भोगून सुटलेल्यांनाही त्यांनी कामावर घेतले आणि रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. ज्यांना गाव दारात उभे करीत नव्हते, त्यांच्या भरवशावर वाडी निर्धास्त झोपत असे. कर्मचारी कल्याणाच्या आजच्या योजनांत इतका विश्वास क्वचितच आढळतो. वसाहतीची घडी, स्वच्छता व सोयी यांची धुरा बंधू रामुअण्णांनी वाहिली. ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक १९२० मध्ये येथूनच निघाले.