खाजगी न्याहाळणी

खाजगी न्याहाळणी ही आंतरजाल न्याहाळकातील (ब्राउझर) एक सुविधा आहे. ती वापरल्यास भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद न्याहाळकाच्या इतिहासात राहत नाही. ॲपलच्या सफारीत ती २००५ मध्ये, तर गूगल क्रोममध्ये २००८ मध्ये आली. क्रोममध्ये तिला 'गुप्त मोड' म्हणतात.

संरक्षण

या सुविधेच्या सर्व खिडक्या बंद केल्यावर इतिहास, कुकी आणि अर्जांत भरलेला मजकूर पुसला जातो. त्यामुळे सामायिक संगणकावर पुढे बसणाऱ्याला आधीच्या व्यक्तीचे खाते उघडे सापडत नाही. उतरवून घेतलेल्या संचिका आणि जतन केलेल्या वाचनखुणा मात्र कायम राहतात.

मर्यादा

आयपी पत्ता लपत नाही. आंतरजाल सेवा पुरवठादार, शाळेचे वा कार्यालयाचे जाळे चालवणारे आणि स्वतः संकेतस्थळ यांना भेट कळू शकते. लॉग-इन केल्यास वापरकर्त्याची ओळखही पटते. संगणकात आधीच शिरलेली, कळफलकावरील टंकन टिपणारी घातक प्रणाली यामुळे थांबत नाही.

भारतातील नियम

सायबर कॅफेविषयक २०११ च्या नियमांनुसार चालकाने ग्राहकांची नोंदवही आणि त्यांनी पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास किमान एक वर्ष जपणे बंधनकारक आहे. न्याहाळकातील इतिहास पुसला गेला तरी ही नोंद उरू शकते.

खटला

गुप्त मोडमध्येही माहिती गोळा केली जाते, या आरोपावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला दाखल झाला. २०२४ मधील तडजोडीत गूगलने अशा कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.