गेम अडकतोय? जुन्या संगणकात पैसे घालण्याआधी हे तपासा

निमोणे (ता. शिरूर) : बारावीचा अर्ज, ऑनलाइन सातबारा, एमएस-सीआयटीचा सराव यासाठी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले संगणक अनेक घरांत अजून चालू आहेत. आता पोरांना त्याच्यावर व्हॅलोरंट, जीटीए ५ खेळायचं असतं. गेम अडकला की थेट ग्राफिक्स कार्डाची मागणी होते. पण विहिरीत पाणी नसताना मोटारीचा एचपी वाढवून उपयोग नसतो. आधी अडतंय कुठं ते बघावं, मग खिशात हात घालावा.

फुकटची तपासणी

गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'मधले आकडे बघावेत.

• डिस्क सारखी १०० टक्के : हार्ड डिस्क मागं पडतेय.
• मेमरी ९० टक्क्यांच्या वर : रॅम कमी पडतेय.
• जीपीयू १०० टक्के : ग्राफिक्सची ताकद संपली.
• सीपीयू १०० टक्के : प्रोसेसर थकला.

धूळही बघावी. आत माती साठली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. प्लग काढून, पंखा बोटानं धरून मऊ ब्रशनं साफ करावं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावून घ्यावी.

आधी एसएसडी, मग रॅम

साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. त्यामुळं संगणक आणि गेम लवकर उघडतो. मात्र एसएसडीनं गेममधलं चित्र फारसं वेगवान होत नाही.

रॅम ४ जीबी असेल तर ८ जीबी करावी. वेगळं कार्ड नसेल तर एका ८ च्या पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन सारख्या पट्ट्या बऱ्या, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून शिरूर-पुण्याला जाताना जुनी पट्टी बरोबर न्यावी. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वायाच जाते. ६४ बिटची टाकावी लागते.

कार्ड घेताना पॉवर सप्लाय बघा

जीटी १०३० ला साधारण ३० वॅट लागतात, जीटीएक्स १०५० टीआयला ७५. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंतच देतो. त्याहून मोठ्या कार्डाला वेगळी वायर लागते. स्वस्तातल्या एसएमपीएसवर लिहिलेले वॅट खरे असतीलच असं नाही. त्याच्यावर मोठं कार्ड टाकलं तर संगणक मध्येच बंद पडतो, कधी मदरबोर्डही जातो. जीटी १०३० घेताना जीडीडीआर ५ चंच मागावं. त्याच नावाचं डीडीआर ४ चं कार्ड बरंच हळू आहे.

जुन्या कार्डांत नाव बदलून विकण्याचे प्रकार होतात. जीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅमनं तपासून, दुकानातच अर्धा तास गेम चालवून मग पैसे द्यावेत. शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, त्यामुळं अर्थिंग नीट हवं आणि यूपीएस असावा.

लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा रॅम आणि एसएसडीच बदलता येते, ग्राफिक्स नाही.

कुठं थांबायचं?

विंडोज १० चा मोफत नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर चालत नाहीत. आय३-४१३० म्हणजे चौथी पिढी, आय३-८१०० म्हणजे आठवी. जुगाड करून ११ टाकली तरी व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. ते नसेल तर कार्ड कितीही भारी असो, गेम सुरूच होत नाही.

म्हणून चौथ्या-पाचव्या पिढीच्या संगणकाला एसएसडी आणि रॅम इथपर्यंतच खर्च करावा. एवढ्यानं अर्ज, अभ्यास आणि हलके गेम निघतात. एसएसडी पुढं दुसऱ्या संगणकातही लावता येते. कार्ड, एसएमपीएस, प्रोसेसर असं सगळंच बदलायची वेळ आली तर हिशोब नव्यानं मांडावा. तेवढ्यात आठव्या पिढीचा वापरलेला संगणक मिळतोय का, ते आधी विचारावं.

काम सुरू करण्याआधी दाखले, मार्कशीट आणि फोटो पेन ड्राइव्हवर काढून ठेवावेत. गेम परत डाउनलोड होतो, घरचे फोटो होत नाहीत.